शुक्र बुधापेक्षा गरम का?

जो ग्रह सूर्याच्या जवळ तो अधिक तापलेला, हा हिशेब शाळेत ग्रहांची नावे पाठ करतानाच मनात पक्का बसतो. शेकोटीजवळ बसलेल्याला ऊब जास्त मिळते, तेव्हा त्यात शंका घेण्यासारखे काही वाटतही नाही. पण ग्रहमालेतल्या पहिल्या दोनच ग्रहांशी हा हिशेब ताडून पाहिला की तो कोलमडतो. बुध सूर्यापासून सरासरी ५.८ कोटी किलोमीटरवर आहे, शुक्र १०.८ कोटी किलोमीटरवर. बुधाच्या एका चौरस मीटरवर जितके ऊन पडते, त्याच्या जेमतेम तीस टक्के शुक्राच्या वाट्याला येते. तरीही बुधाचा पृष्ठभाग भर दुपारी सुमारे ४३० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि शुक्राचा पृष्ठभाग सतत ४६५ अंशांच्या आसपास असतो. ‘सतत’ हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. दोन्ही ग्रह स्वतःभोवती फार संथ फिरतात, त्यामुळे दोघांच्याही रात्री लांबलचक असतात: बुधाची रात्र आपल्या ८८ दिवसांची, शुक्राची सुमारे ५८ दिवसांची. त्या रात्री बुध उणे १८० अंशांपर्यंत गारठतो. शुक्रावर मात्र दिवस असो वा रात्र, विषुववृत्त असो वा ध्रुव, पारा फारसा हलत नाही. शिसे ३२७ अंशांना वितळते. शुक्राच्या मैदानावर ते कुठेही, कधीही घट्ट राहणार नाही.

कोड्याचा दुसरा भाग याहून चमत्कारिक आहे. पहाटे किंवा संध्याकाळी दिसणारी शुक्राची चांदणी इतकी तेजस्वी असते, याचे एक मोठे कारण म्हणजे गंधकाम्लाच्या ढगांनी तो ग्रह पूर्ण झाकलेला आहे आणि ते ढग आलेल्या उन्हापैकी सुमारे तीन चतुर्थांश ऊन परत अवकाशात फेकतात. शुक्रावर पृथ्वीच्या जवळपास दुप्पट ऊन येते हे खरे, पण पदरात पडते ते फक्त पाव हिस्सा. पृथ्वी आपल्या वाट्याचे सुमारे सत्तर टक्के ऊन शोषते. गुणाकार केला की दिसते, शुक्र प्रत्यक्षात शोषतो ती ऊर्जा पृथ्वीने शोषलेल्या ऊर्जेच्या दोन तृतीयांशच आहे. केवळ या ऊर्जेवर त्याचे तापमान ठरले असते, तर ते उणे ४० अंशांच्या आसपास असते. म्हणजे प्रत्यक्षातले तापमान आणि उन्हाच्या हिशेबातले तापमान यांत पाचशे अंशांचे अंतर आहे. हे अंतर कुठून आले, हा या प्रकरणाचा प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना असे दिसेल की ग्रहाचे हवामान कसे होणार हे त्याच्या सूर्यापासूनच्या अंतरापेक्षाही, त्याचा कार्बन हवेत आहे की खडकात, यावर अधिक ठरते. कार्बन खडकात जाणार की नाही, हे मात्र पाणी ठरवते.

शुक्र इतका तापलेला आहे हेच मुळात माणसाला उशिरा कळले. ढगांच्या आड काय आहे ते दिसत नसल्याने कल्पनेला मोकळे रान होते. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शुक्रावर उष्ण, दमट दलदली आणि दाट वनस्पती असाव्यात असे लिहिले होते. गंमत अशी की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बदलले तर पृथ्वीचे तापमान किती बदलेल, हे गणित १८९६ मध्ये मांडणारा शास्त्रज्ञही हाच. १९३२ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेतून शुक्राच्या हवेत कार्बन डायऑक्साइडच्या खुणा सापडल्या. १९५६ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी शुक्राकडून येणाऱ्या रेडिओ लहरी मोजल्या, तेव्हा त्यांतून तीनशे अंशांहून अधिक तापमान सूचित होत होते. त्यावर आक्षेप आला की या लहरी जमिनीतून कशावरून निघाल्या, त्या वरच्या विद्युतभारित थरातूनही आलेल्या असू शकतात. आक्षेप रास्त होता आणि तो तपासता येण्याजोगाही होता. लहरी वरच्या थरातून येत असतील तर ग्रहाची कड मध्यभागापेक्षा उजळ दिसायला हवी. जमिनीतून येत असतील तर कडेकडून येताना त्यांना अधिक हवा ओलांडावी लागेल आणि कड मंद दिसेल. १९६२ च्या डिसेंबरात मरिनर-२ हे यान शुक्राजवळून गेले आणि कड मंद आढळली. पुढे १५ डिसेंबर १९७० रोजी सोव्हिएत संघाचे व्हेनेरा-७ शुक्रावर उतरले आणि तेवीस मिनिटे क्षीण संदेश पाठवत राहिले. तापमान ४७५ अंशांच्या घरात निघाले. १९८२ मधले व्हेनेरा-१३ तर दोन तासांहून थोडे जास्त तगले. तिथला हवेचा दाब पृथ्वीच्या ९२ पट आहे, म्हणजे आपल्या समुद्रात जवळपास नऊशे मीटर खोल गेल्यावर जाणवेल तितका.

शुक्राच्या हवेत ९६.५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, आणि तापण्याचे कारण तोच आहे. सूर्यप्रकाशाचा बराचसा भाग दृश्य किरणांचा असतो आणि हा वायू त्यांना फारसा अडवत नाही. तापलेली जमीन मात्र आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकते, आणि हे किरण कार्बन डायऑक्साइडचे रेणू शोषून घेतात. शोषलेली उष्णता ते चहूकडे सोडतात, त्यातली काही पुन्हा खाली येते. अमेरिकेतील युनिस फूट या संशोधिकेने १८५६ मध्ये काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या, तेव्हा कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापलेली दिसली. जॉन टिंडल याने १८५९ पासून प्रयोगशाळेत वायूंची उष्णता शोषण्याची क्षमता नीट मोजली. हवेला गोधडीची उपमा द्यायची झाली, तर तिचा एक गुण लक्षात ठेवावा: गोधडी स्वतः उष्णता निर्माण करत नाही, ती आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. शुक्राच्या जमिनीपर्यंत पोहोचणारे ऊन मूळ उन्हाच्या दोन-तीन टक्केच असते. तरी तेवढ्यावर जमीन वितळलेल्या शिशाइतकी तापते, कारण आलेल्या उष्णतेला बाहेर पडण्याची वाट जवळजवळ उरलेलीच नाही. त्या ५८ दिवसांच्या रात्रीही ती म्हणूनच गार होत नाही.

या स्पष्टीकरणावरचा सर्वांत धारदार आक्षेप मंगळाकडे बोट दाखवतो. मंगळाच्या हवेतही सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडच आहे, तरी त्याचे सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास. मग या वायूला दोष कसा द्यायचा? पहिले उत्तर असे की टक्केवारी इथे फसवी आहे. वायूचा परिणाम त्याच्या एकूण साठ्यावर ठरतो, हवेतल्या वाट्यावर नाही. प्रत्येक चौरस मीटर जमिनीच्या डोक्यावर किती कार्बन डायऑक्साइड आहे हे काढले, तर पृथ्वीवर सुमारे सहा किलो, मंगळावर दीडशे किलोहून थोडा जास्त आणि शुक्रावर जवळपास हजार टन भरतो. शुक्र आणि मंगळ यांच्यातला फरक इथे उलगडतो. पण चिकित्सक वाचक लगेच विचारेल, मंगळावर पृथ्वीच्या वीस-पंचवीस पट कार्बन डायऑक्साइड असूनही हरितगृह परिणामाने तो पाच-सहा अंशच का तापतो, आणि पृथ्वी तेहतीस अंशांनी का? याची कारणे दोन आहेत. मंगळाची हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही विरळ आहे, आणि विरळ हवेत रेणूंच्या आपसातल्या टकरी कमी होत असल्याने प्रत्येक रेणू अवरक्त किरणांच्या अगदी अरुंद पट्ट्याच शोषतो. पट्ट्यांमधल्या फटींतून उष्णता निसटते. दाट हवेत त्या पट्ट्या रुंदावतात आणि फटी बुजतात. दुसरे म्हणजे पृथ्वीच्या हवेत पाण्याची वाफ भरपूर आहे आणि तीही उष्णता अडवते. हवा तापली की वाफ वाढते, वाफ वाढली की हवा आणखी तापते. मंगळाच्या थंड, कोरड्या हवेत ही साथ मिळत नाही.

दुसरा आक्षेप दाबाचा. शुक्रावर दाब ९२ पट आहे, तेव्हा उष्णता दाबानेच निर्माण झाली असेल, त्यासाठी विशिष्ट वायूला कशाला आणायचे, असे काही जण म्हणतात. वायू दाबताना तो तापतो हे खरे, परंतु दाबण्याची क्रिया थांबली की नवी उष्णता तयार होत नाही आणि आधीची हळूहळू निघून जाते. नुसता दाब तापवत असता, तर खोल समुद्राचा तळ उकळत राहिला असता. तिथे दाब शेकडो पट असतो आणि पाणी मात्र गोठणबिंदूच्या चार-दोन अंशच वर असते. तरी या आक्षेपात सत्याचा अंश आहे. शुक्र आपली उष्णता अवकाशात सोडतो ती साठ-सत्तर किलोमीटर उंचीवरच्या ढगांच्या माथ्यावरून. तिथे थंडीच असते. तिथून खाली येताना दर किलोमीटरला तापमान सात-आठ अंशांनी वाढत जाते, आणि या वाढीमागे हवा खाली उतरताना दाबली जाण्याचा हात असतोच. पण उष्णता सोडणारा थर इतक्या उंचावर नेऊन ठेवला कोणी? उष्णता अडवणाऱ्या वायूने आणि ढगांनी. तीच हवा अवरक्त किरणांना पारदर्शक असती, तर जमिनीची उष्णता थेट अवकाशात गेली असती आणि दाब तेवढाच असूनही जमीन थंड राहिली असती.

आता पृथ्वीकडे वळू. आपल्या हवेत कार्बन डायऑक्साइड फक्त ०.०४ टक्के आहे, तेव्हा पृथ्वीच्या नशिबी मुळातच कार्बन कमी आला असे वाटेल. वस्तुस्थिती वेगळी आहे. शुक्र आणि पृथ्वी आकाराने व वस्तुमानाने जवळजवळ जुळे आहेत आणि दोघांकडचा कार्बनही अंदाजे सारख्याच तोडीचा आहे. पृथ्वीने तो चुनखडीत कोंडून ठेवला आहे. शुद्ध चुनखडीचे शंभर किलो दगड भट्टीत भाजले, तर चुना उरतो ५६ किलो. बाकीचे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन धुराड्यातून निघून जाते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा-कोरपना भागात किंवा यवतमाळच्या वणी परिसरात सिमेंटसाठी जी चुनखडी खणली जाते, ती प्राणी अवतरण्याच्याही आधीच्या समुद्रात साचलेली आहे, म्हणजे कधी काळी हवेत असलेलाच कार्बन तिथे दगड होऊन पडला आहे. जगभरची अशी सगळी चुनखडी एकाच वेळी भाजली गेली, तर पृथ्वीवरही कित्येक दशपट दाबाची कार्बन डायऑक्साइडची हवा तयार होईल आणि या जुळ्या बहिणींत फरक करणे अवघड जाईल.

हा कार्बन दगडात गेला पावसामुळे. पावसाचे पाणी हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून किंचित आम्लधर्मी होते, खडकांना झिजवते, त्यांतले कॅल्शियम नद्यांतून समुद्रात जाते आणि तिथे कार्बनशी जुळून तळाला चुनखडी होऊन बसते. भूपट्ट सरकताना ही चुनखडी काही ठिकाणी पृथ्वीच्या पोटात जाते आणि ज्वालामुखींतून पुन्हा वायू होऊन बाहेर येते. या फेऱ्याचे महत्त्व हॅरोल्ड युरी याने १९५२ मध्ये दाखवले, आणि १९८१ मध्ये जेम्स वॉकर, पॉल हेज व जेम्स कास्टिंग यांनी त्यातली खरी खुबी मांडली. पृथ्वी तापली की बाष्पीभवन व पाऊस वाढतो, खडक लवकर झिजतात, हवेतला कार्बन कमी होतो आणि ग्रह निवतो. पृथ्वी गारठली की झीज मंदावते, ज्वालामुखींचा वायू साचत जातो आणि ती पुन्हा तापते. या देवघेवीचा नमुना म्हणून दख्खनच्या पठाराकडे पाहता येते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले, तेव्हा त्यांनी अफाट कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला. तोच लाव्हा थिजून झालेला बेसॉल्ट मात्र कॅल्शियम आणि मॅग्नेशियमने समृद्ध असल्याने उष्ण, पावसाळी हवेत लवकर झिजतो आणि झिजताना हवेतला कार्बन ओढून घेतो. विदर्भ-मराठवाड्यातली कापसाची काळी जमीन ही बऱ्याच अंशी त्या झिजेतून आलेली आहे.

ही व्यवस्था केवळ कागदावरची नाही, याला पृथ्वीचाच इतिहास साक्षी आहे. चार अब्ज वर्षांपूर्वीचा सूर्य आजच्यापेक्षा पंचवीस-तीस टक्के मंद होता. अंतर आणि ऊन यांवरच सारे अवलंबून असते, तर तेव्हाची पृथ्वी बर्फाचा गोळा असायला हवी होती. कार्ल सेगन आणि जॉर्ज मलेन यांनी १९७२ मध्ये हाच पेच मांडला. त्या काळच्या खडकांत मात्र वाहत्या पाण्याच्या खुणा आहेत. त्यानंतर सूर्य इतका प्रखर होत गेला, तरी समुद्र उकळले नाहीत. सुमारे ७२ ते ६३ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात पृथ्वी बहुधा विषुववृत्तापर्यंत गोठली आणि तरी त्यातून सावरली, कारण बर्फाखाली खडकांची झीज थांबली होती आणि ज्वालामुखी मात्र चालूच होते.

मग शुक्राला हीच व्यवस्था का लाभली नाही? त्याच्याकडे पाणी राहिले नाही म्हणून. १९७८ मध्ये पायोनियर व्हीनस मोहिमेने त्याच्या हवेतला हायड्रोजन तपासला, तेव्हा साध्या हायड्रोजनच्या तुलनेत जड हायड्रोजनचे, म्हणजे ड्युटेरियमचे प्रमाण पृथ्वीच्या शंभराहून अधिक पट निघाले. पाण्याची वाफ उंच गेली की सूर्याचे अतिनील किरण तिचे तुकडे करतात. हलका हायड्रोजन अवकाशात निसटतो आणि जड ड्युटेरियम तुलनेने मागे राहतो. एवढा ड्युटेरियम मागे उरला, याचा अर्थ पुष्कळ पाणी गमावले गेले. ते पाणी कधी समुद्राच्या रूपात होते की सुरुवातीपासून वाफेतच राहिले, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. संगणकीय प्रारूपे दोन्ही बाजूंनी कौल देतात, आणि काही पाणी धूमकेतूंनी नंतर आणले असेल या शक्यतेमुळे गणित आणखी गुंततेच. परंतु आपल्या युक्तिवादाला या वादाने धक्का लागत नाही. समुद्र आटला असो वा बनलाच नसो, पाऊस नाही तर झीज नाही, झीज नाही तर चुनखडी नाही, आणि ज्वालामुखींतून आलेला कार्बन हवेतच साचत गेला. अंतराला त्याचे श्रेय मात्र द्यायला हवे: शुक्र सूर्याच्या जवळ असल्यानेच त्याचे पाणी टिकण्याची शक्यता कमी झाली. अंतराचा परिणाम पाचशे अंशांचा नव्हता. पाणी द्रवरूपात राहते की नाही, या एका उंबरठ्यापुरता तो होता. पुढचे सगळे कार्बनने केले.

इथे आजचा प्रश्न अपरिहार्यपणे येतो. कोळसा आणि तेल जाळून आपण हवेतला कार्बन डायऑक्साइड दर दहा लाखांत २८० भागांवरून ४२० च्या पुढे नेला आहे. मग पृथ्वीचा शुक्र होणार का? नाही. पृथ्वीचा बहुतेक कार्बन चुनखडीत आहे, खनिज इंधनात त्याचा अगदी अल्प अंश आहे, आणि तो सगळा जाळला तरी शुक्रासारखी अवस्था येण्याची शक्यता नाही. ती पाळी सूर्य दहाएक टक्के अधिक प्रखर होईल तेव्हा येईल, आणि त्याला सुमारे शंभर कोटी वर्षे अवकाश आहे. या उत्तराने काही जण निर्धास्त होतात आणि वर विचारतात, की ०.०४ टक्के वायूत थोडी भर पडली म्हणून काय बिघडणार? बिघडते असे की हवेचा ९९ टक्के भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन अवरक्त किरणांना जवळजवळ अडवतच नाहीत. उष्णता अडवण्याचे काम उरलेल्या अल्पशा वायूंकडेच आहे, आणि त्यांतल्या टिकाऊ वायूंपैकी मुख्य वायूत आपण निम्मी भर घातली आहे.

त्याहून मोठी चूक निसर्गाच्या व्यवस्थेवर विसंबण्यात आहे. पृथ्वी स्वतःला सावरते, हे वर आपण पाहिलेच. तेव्हा याही वेळी ती सावरेल, असा युक्तिवाद ऐकू येतो. ती सावरेल, पण तिच्या गतीने. सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी हवेत कार्बनची मोठी भर पडून पृथ्वी पाच अंशांहून अधिक तापली होती. ती पूर्ववत व्हायला एक ते दोन लाख वर्षे लागली. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला ५० कोटी टनांच्या आत कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि खडकांची झीज साधारण त्याच मापाची आहे. माणूस इंधन आणि सिमेंट यांतून वर्षाला ३,५०० कोटी टनांहून अधिक सोडतो, म्हणजे सत्तर पटींहून जास्त. लाखो वर्षांच्या हिशेबाने चालणाऱ्या झिजेकडून शंभर वर्षांतला तोल सांभाळण्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. पेरणीचे वेळापत्रक, धरणांचे आराखडे, किनाऱ्यावरची शहरे हे सारे काही हजार वर्षांच्या स्थिर हवामानावर उभे आहे.

इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांबद्दल ‘राहण्याजोग्या पट्ट्यात सापडलेला ग्रह’ अशी बातमी येते, तेव्हा शुक्राचा धडा आठवावा. दुसऱ्या ताऱ्यावरून कोणी आपल्या ग्रहमालेकडे दुर्बीण लावली, तर केवळ आकार आणि वस्तुमान यांवरून त्याला शुक्र व पृथ्वी यांत फारसा फरक सांगता येणार नाही. भारताच्या शुक्र परिक्रमा मोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. शुक्राचा पृष्ठभाग, त्याखालची रचना आणि वातावरण यांचा अभ्यास तिच्यात होणार आहे. तिथले ज्वालामुखी आज किती सक्रिय आहेत आणि किती वायू सोडतात हे अशा मोहिमांतून कळले, तर शुक्राच्या कार्बनचा जमाखर्च नीट मांडता येईल. पृथ्वीच्या कार्बनचा जमाखर्च तुलनेने आपल्याला ठाऊक आहे, आणि त्यातली एकच बाजू आपल्या हातात आहे: हवेत नव्याने किती जायचे ही. दगडात परत किती जाते, ते पाऊस आणि खडक ठरवतात, आणि आपल्याला घाई आहे म्हणून ते आपला वेग वाढवणार नाहीत.